राव सारांचं विरजण

राव सारांच्या उजव्या अंगठ्यावर रेषा उरल्या नव्हत्या. कारखान्याच्या फाटकावर हजेरीचं यंत्र बसवलं तेव्हा ते सगळ्यांना कळलं. राव सार रोज सकाळी यंत्रावर अंगठा ठेवत, यंत्र तांबडा दिवा लावून त्यांना नाकारी, आणि ते यंत्राची समजूत काढल्यासारखं म्हणत, "सरि, सरि. तुज मी ठाऊक नाहीं. राहूं दे." मग वॉचमन हसत हसत सहीची वही पुढे करी. तीस वर्षं ओल्या प्लॅस्टरवर दाबून दाबून गुळगुळीत झालेला अंगठा होता तो. धंद्यात मी नाही नाही त्या माणसांना वाकवलं आहे. हा एक अंगठा मला वाकवता आला नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी मूळचा बार्शीचा. चेन्नईला आलो तो एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा कारकून म्हणून. तमिळ शिकलो ते हमालांशी भांडता भांडता, त्यामुळे माझ्या तमिळमध्ये शिव्या आधी आल्या आणि व्याकरण अजून यायचं आहे. नोकरी सोडून रसायनांची दलाली केली, दलाली सोडून अंबत्तूरला स्वतःची गिरणी टाकली. धान्याची नव्हे, दगड दळायची. मला कोणी हात दिला नाही आणि मी कोणाकडे मागितला नाही. घासाघीस हेच माझं शिक्षण. समोरचा माणूस काहीतरी मागतो, आपण काहीतरी देतो, मधे कुठेतरी दोघं थांबतो. जगातली सगळी भांडणं अशी मिटतात असं मी समजत होतो.

ज्या कारखान्याच्या भरवशावर ती गिरणी टाकली तो शहराच्या उत्तरेला, बंदराच्या बाजूला आहे. तिथे जिप्समचे बोर्ड बनतात. ऑफिसांत डोक्यावर जी पांढरी सपाट छतं असतात आणि खोल्या पाडायला ज्या पोकळ भिंती उभ्या करतात, त्या या बोर्डांच्या. काम ऐकायला सोपं आहे. जिप्सम भाजून त्याचं पीठ करायचं, त्यात पाणी घालायचं, तो लगदा दोन कागदांच्या मधे ओतायचा आणि लांबलचक पट्ट्यावरून पुढे सोडायचा. पट्ट्याच्या टोकाला सुरी असते. तिच्यापाशी पोचेपर्यंत लगदा घट्ट झालेला असला पाहिजे. नसला तर कड फाटते, बोर्ड वाकतो, मग पट्टा हळू करावा लागतो, आणि पट्टा हळू झाला की कारखान्यातल्या सगळ्यांचे आवाज चढतात. म्हणून पिठात एक भुकटी टाकतात. थोडीच टाकायची, पण तिने लगदा लवकर घट्ट होतो. ही भुकटी कोणती, किती आणि कोणाकडून घ्यायची, हे राव सार सांगत. ते तिथले केमिस्ट होते. माझी सगळी गिरणी त्यांच्या एका 'बरें' वर टांगलेली होती.

पहिली भेट झाली तेव्हा मी फाटकाबाहेर उभा राहून फोनवर बायकोवर ओरडत होतो. मागून आवाज आला, "हळू बोला. घरचें माणूस आहे तें."

मी वळून पाहिलं. सावळा, काटकुळा माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, कपाळावर गंधाची बारीक रेघ, आणि दोन्ही भुवयांत पांढरी भुकटी.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"तुम्हीं मराठे कां, तें मी विचारणार होतों. आम्हीं तंजावरचे. आमचे लोक तिकडून निघून तीनशें वर्षें झालीं. तुम्हीं कधीं निघालांत?"

"पंधरा वर्षं झाली."

"मग नवेच आहां," ते म्हणाले. नाव विचारलं. मी ढवळे म्हणून सांगितलं. ते खूष झाले. "ढवळे म्हणजे पांढरे नव्हे कां? धंद्यास शोभणारें नांव."

त्यांचं नाव पंचनद राव. कारखान्यात सगळे 'राव सार' म्हणत. परक्या शहरात, जिथे निर्णय व्हायचा नेमक्या त्या खुर्चीवर, आपली भाषा बोलणारा माणूस सापडला तर धंदेवाल्याच्या मनात काय येतं हे मी सांगायला नको. मला वाटलं, दार उघडलं. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो.

त्यांचं मराठी ऐकायला मला सवय करावी लागली. आपण जिथे 'मी सांगितलं' म्हणतो तिथे ते 'मी सांगितलों' म्हणत. मी केलों, मी फेकलों, मी चुकलों. आमच्या मराठीत चूक होते, माल खराब निघतो, वेळ लागतो. कोणी काही करतच नाही, सगळं आपोआप होतं. त्यांच्या मराठीत जे झालं ते कोणीतरी केलेलं असे, आणि करणारा वाक्यात समोर उभा असे. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची.

माल तयार होताना पाहायचा तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. लगदा कागदावर पडला की राव सार त्या बोर्डाबरोबर निघत. पट्ट्याच्या वेगानेच पावलं टाकत, पुढे नाही की मागे नाही, सासरी निघालेल्या मुलीला वेशीपर्यंत पोचवायला जावं तसे. दर वीसेक पावलांवर कडेला अंगठा दाबत. आधी अंगठा रुते, मग नुसती खूण उमटे, आणि सुरीच्या अलीकडे एका ठरावीक खांबापाशी काहीच उमटत नसे. मग ते म्हणत, "लागलें." दही लागतं तसं. प्रयोगशाळेत घट्टपणा मोजायची सुई होती, तिचीही नोंद ते नेमाने करीत. पण सुईने उशीर सांगायच्या आधी त्यांच्या अंगठ्याला कळलेलं असे. ऐन पट्टा चालू असताना कोणी लगद्यात काठी घालून पाहू लागला तर मात्र हा शांत माणूस ओरडे. "लागावयास लागलें तें हलवूं नये! मग त्यास हाडें येत नाहींत."

माझा पहिला नमुना मी ऐटीत नेला. त्यांनी कागदी पेल्यात पीठ कालवलं, माझी भुकटी टाकली आणि पेला खिडकीत ठेवला. खिडकीत असे पेले ओळीने मांडलेले असत, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि मधोमध अंगठ्याचा खळगा. थोड्या वेळाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मेली आहे."

"काय मेली?"

"तुमची भुकटी."

"मेली म्हणजे काय? ती काय कोंबडी आहे?"

"कोंबडी नव्हे. विरजण." त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. "ही भुकटी म्हणजे काय? जुनें, घट्ट झालेलें जिप्सम दळलेलें. नव्या लगद्यास ठाऊक नसतें कसें जमावें. हें जुनें मधें जाऊन उभें राहतें, त्यास पाहून नवें जमतें. दुधांत विरजण तसें. पण विरजण ताजें पाहिजे. तुम्हीं दळलांत कधीं?"

"परवा."

"अय्यो. समुद्राची हवा आहे ही. दोन दिवस ओल प्यालें, मेलें."

मी वाद घातला. दर कमी करतो म्हणालो. त्यांनी दराचा शब्दही काढू दिला नाही. "मेलेलें स्वस्त मिळालें म्हणून कोणी घेतें कां?" दुसरा नमुना मी पहाटे दळून गोणीला दोन पिशव्या चढवून नेला. तोही मेला. माझ्या गिरणीचं कर्ज, माझी माणसं, सगळं या एका शब्दावर अडलेलं, आणि हे गृहस्थ डबा उघडून दहीभात खाऊ लागले. मलाही वाढला. मी खाल्ला नाही.

दिवाळीला मी कारखान्यात त्यांच्याकडे काजूकतलीचा मोठा खोका घेऊन गेलो. लाच म्हणा हवं तर. आपण धंद्याच्या भाषेत तिला मिठाई म्हणतो. त्यांनी खोका उघडला, आत कागदाखाली ओल शोषायची ती खडेवाली बारीक पुडी असते ना, ती उचलून खिशात टाकली आणि खोका मला परत दिला. "एवढी ठेवतों. आमच्या बाटलींत कामास येईल. बाकीचें मुलांस द्या."

मी गाडीत बसून त्यांना सगळ्या शिव्या दिल्या, दोन्ही भाषांतल्या. आपला माणूस! परका बरा, तो घेतो तरी.

पण त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट दिली होती, आणि तिची किंमत मला तेव्हा कळली नाही. मी खोका उचलून निघालो तर ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि मधेच थांबून म्हणाले, "दळतांना साखर घाला."

मला वाटलं थट्टा करताहेत.

"साखर. आपली चहाची. दगडासवें दळली कीं दाण्यास लेप बसतो. मग ओल लागत नाहीं, मरत नाहीं. मी येथें कँटीनची साखर घालून पाहिलों. टिकतें."

बाहेरच्या देशांत ही युक्ती जुनी आहे हे मला पुष्कळ नंतर समजलं. राव सारांना ती कोणी सांगितली नव्हती. ती त्यांनी त्या खिडकीतल्या पेल्यांवर, स्वतःच्या अंगठ्याने शोधली होती, आणि त्या कारखान्याबाहेर आमच्या भागात ती कोणाकडे नव्हती. ती त्यांनी मला फाटकापाशी उभं राहून, एका पुडीच्या बदल्यात देऊन टाकली. मी त्या वेळी 'बरं बघतो' म्हणालो. कोणी फुकट काही दिलं की मला त्यात खोट दिसते.

साखर घालून दळलं. तिसरा नमुना चार दिवस गिरणीत तसाच ठेवला आणि मग नेला. राव सारांनी तो ठेवून घेतला. आठवडा गेला, दुसरा गेला. मी फोन केला की म्हणत, "पाहतों आहें." दरम्यान बँकेचा माणूस अंबत्तूरला येऊन गिरणीभोवती फिरून गेला. दोन कामगार सोडून गेले. मला झोप लागेना.

एका दुपारी मी अण्णा नगरला घरी जेवायला बसलो होतो. राव सारांचा फोन आला. मागे पट्ट्याचा आवाज. ते त्यांच्या नेहमीच्या सपाट सुरात म्हणाले, "ढवळे, तुमच्या कामास विरजण घातलों आहें. आतां हलवूं नका. उगी असा." आणि फोन ठेवला.

आमच्या बार्शीत कोणाच्या कामावर विरजण घातलं म्हणजे ते नासवलं. आनंदावर विरजण पडतं, लग्नावर विरजण पडतं. आणि हा माणूस मला फोन करून सांगत होता की मी घातलं आहे, आता गप्प बस. वर करणारा तो स्वतःच आहे हेही स्पष्ट. मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "अहो, नीट विचारा तरी परत फोन करून." मी म्हणालो, "आता काय विचारायचं राहिलं?"

अण्णा नगरहून तो कारखाना तास-सव्वा तासावर आहे. एवढ्या रस्त्यात कोणाचाही राग उतरतो. माझा सिग्नलगणिक चढत गेला. राव सारांकडे गेलोच नाही. सरळ खरेदी खात्यात सेल्वम नावाचा नवा मॅनेजर होता, त्याच्या केबिनमध्ये घुसलो. बोलण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, आणि ते मी बोललो.

"तुमचा केमिस्ट बाहेरच्यांना तुमची कृती सांगतो. साखरेची. मला सांगितली. आणखी किती जणांना सांगितली असेल, बघा."

सेल्वमने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. मग फोन उचलून राव सारांना बोलावलं. ते आले. रुमालाने अंगठा पुसत होते. मला पाहून थोडे हसले सुद्धा.

"सार," सेल्वम तमिळमध्ये म्हणाला, "साखरेचं यांना तुम्ही सांगितलं का?"

राव सारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. पेल्यात बोट दाबल्यावर आत काय आहे हे अजून कळलं नसेल तर ते ज्या नजरेने पाहत, तसं पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"नान् दान् सोन्नेन्," ते म्हणाले. मीच सांगितलं.

"का?"

"त्यांची भुकटी मरत होती."

"सार, आता साहेबांना मी काय सांगू?"

"हेंच सांगा," ते म्हणाले. हे मात्र मराठीत म्हणाले, सेल्वमला न समजणाऱ्या भाषेत, बहुधा विसरून. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि परत पट्ट्याकडे गेले. मला एक शब्द विचारला नाही.

त्याच आठवड्यात त्यांना कागदाच्या गोदामात बसवलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, म्हणून काढलं नाही, एवढंच. गोदामात बोर्डाच्या कागदाची मोठाली रिळं असतात, आणि तिथे प्लॅस्टरचा कणही चालत नाही. माल नेऊन देताना ते मला दारातून दिसत. भुवया काळ्या झालेल्या. सदरा स्वच्छ. मला तो माणूस ओळखू येईना. पावसाळ्यात पट्टा अडला की जुने कामगार चोरून पेला घेऊन त्यांच्याकडे जात. "सार, लागत नाहीये हो." ते हात पाठीमागे बांधत. "वर विचारा," म्हणत.

'माल नेऊन देताना' असं मी लिहिलं. होय, ऑर्डर मलाच मिळाली. पंधरा दिवसांच्या आत. सेल्वम म्हणाला, कृती तुमच्याकडे गेलीच आहे तर तुम्हीच द्या, आणि माझ्या रागाचा फायदा घेऊन दरात मला पार खाली आणलं. मी कबूल केलं. मनात म्हटलं, राव सारांनी मोडायला पाहिलं आणि मी लढून मिळवलं. आठ महिने मी ही गोष्ट अशीच सांगत होतो, ज्याला त्याला.

निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. आम्हा पुरवठादारांनाही बोलावलं होतं. न जाणं दिसलं असतं. हार, भिंतीवरचं घड्याळ, केसरी म्हणतात तो तिकडचा शिरा, दहीभात. राव सारांच्या पत्नी आल्या होत्या, कमलाबाई. माझं मराठी कानावर पडताच त्या ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुम्हींच ढवळे कां? आमच्या घरांत तुमचें नांव फार निघे. वेलचेरीस एकदां या. पुराच्या पाण्यानें यांचें एक प्लॅस्टरचें पोतें दगड झालें, तें आम्हीं दाराशीं बसावयास ठेविलों आहों. येणाऱ्यास दाखवावयास यांस फार आवडतें."

मी हो हो म्हणत होतो. त्या बोलतच राहिल्या. मराठी बोलायला माणूस मिळाला की तिथली माणसं थांबत नाहीत. मुलीच्या लग्नाचं काढलं. मुलगा बेंगळूरला असतो, घर चांगलं आहे. "परवां विरजण घातलों आहों. आतां हलवूं नये. उगी असावें."

माझा हात ताटात थांबला. "विरजण घातलं? म्हणजे मोडलं का?"

त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की राव सारांनी वळून पाहिलं. "मोडेल कशास? विरजण घातल्यावर दहीं लागतें कीं! बोलणीं घालून दिलीं, आतां आपोआप जमूं द्यावें. भांडें हलवलें कीं मोडतें. तुमच्याकडे काय म्हणतात?"

पहिल्या नमुन्याच्या वेळी राव सारांनी खुर्ची ओढून मला हेच विरजण समजावलं होतं, ते आता आठवलं.

"तुमचेंही तसेंच केलों म्हणून हे सांगितले होते," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशीं तुमची भुकटी पास म्हणून लिहून दिले, त्या दिवशीं घरीं येऊन पायस करावयास सांगितले. म्हणाले, एक आपला माणूस उभा राहिला. साहेबांस आठ दिवस लागतील सही करावयास, तोंवर यानें धीर धरला म्हणजे झालें." पलीकडे सेल्वम उभा होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण माझं नाव आणि 'पास' हे दोन शब्द कळले असावेत. तो फोनमध्ये बघू लागला.

मी कसंबसं विचारलं, "मग त्यांना गोदामात का बसवलं?"

"वय झालें कीं हो. हलकें काम दिलें. हेच तसें सांगितले."

करणाऱ्याला वाक्यात कधी न लपवणाऱ्या त्या माणसाने घरी एकदाच लपवला होता, आणि तो मी होतो.

तुम्ही म्हणाल, तिथेच उठून पाय धरायचे. मी उठलो नाही. मला पहिल्यांदा त्यांचाच राग आला. तीनशे वर्षं दुसऱ्या मुलखात राहून तुमची भाषा अर्धी तिकडे अर्धी इकडे झाली हे तुम्हाला ठाऊक, तर नीट बोलायला काय झालं होतं? 'पास झालं' एवढे दोन शब्द. आणि केबिनमध्ये एकदा मला विचारायला काय झालं होतं, की ढवळे, हें काय केलांत? त्यांनी विचारलं असतं तर मी भांडलो असतो, मग खरं निघालं असतं, मग मी सेल्वमपुढे जीभ कापून दिली असती. त्यांनी माझ्यापुढे काही मागितलंच नाही. जो काही मागत नाही त्याला काय देणार? ही माझी तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. ती पुरेशी नाही, हेही मला ठाऊक आहे.

दोन महिन्यांनी ते अंबत्तूरला आले. वेलचेरीहून दोन बस बदलून, न कळवता. हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका, हळदकुंकू लावलेली. दही लागलं होतं. माझ्या खुर्चीवर बसायला तयार होईनात, गिरणीपाशीच उभे राहिले. चालू गिरणीचा आवाज जरा वेळ ऐकला. मग म्हणाले, "एक पेला मिळेल कां?"

मी स्वतः पीठ, पाणी, पेला आणून दिला. त्यांनी माझ्या गोणीतली भुकटी चिमटीत घेतली, टाकली, बोटाने ढवळलं, पेला बाकावर ठेवला. आम्ही दोघं त्या पेल्याकडे पाहत उभे होतो. त्यांच्या भुवईत पुन्हा थोडी पांढरी भुकटी बसली होती.

मी बोलायला लागलो. मला येते ती एकच पद्धत. म्हणालो, राव सार, तुम्ही इथे येऊन बसा. सल्लागार म्हणून. आठवड्यातून दोन दिवस, नाहीतर एकच. गाडी पाठवतो. नमुने तुम्हीच पाहायचे. तुम्ही म्हणाल ते नाव पाटीवर लावतो.

"नको," ते म्हणाले.

"मग काय पाहिजे ते सांगा."

"काय पाहिजे? पत्रिका द्यावयास आलों."

"त्या दिवशी मी केबिनमध्ये... मला तो शब्द..."

त्यांनी हात वर केला. पट्ट्यापाशी काठी घेऊन येणाऱ्याला थांबवायला करीत तसा.

"ढवळे," ते म्हणाले. "हलवूं नका."

पेल्यावर अंगठा दाबला. उमटला नाही. "चांगली आहे," म्हणाले. "साखर थोडी जास्त होते. कमी केलांत तरी चालेल." आणि लग्नाला नक्की या म्हणून निघाले. घरी सोडायला मी काढलेल्या गाडीला त्यांनी हात लावला नाही.

मी फाटकापर्यंत गेलो. समोर रस्त्याच्या पलीकडे बस स्टॉप आहे. त्याला लागून औषधांचं नवं दुकान होत होतं आणि गवंडी बाहेरच्या खांबावर पांढरं प्लॅस्टर फिरवत होता. राव सार स्टॉपवर उभे राहिले. जरा वेळाने खांबाजवळ सरकले, आणि गवंड्याची पाठ वळलेली पाहून खालच्या कडेला अंगठा दाबला.

"यो पेरिसु!" गवंडी ओरडला. अरे ए म्हाताऱ्या!

राव सार त्याला काहीतरी म्हणाले. गवंडी हसला आणि कामाला लागला. त्यांची बस आली, थांबली, दारातून कंडक्टरने चढायचं का म्हणून ओरडून विचारलं. ते चढले नाहीत. बस गेली. ते खांबापाशीच उभे, हात पाठीमागे बांधून, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. मी इकडे फाटकाचा दांडा धरून उभा होतो. मधे फक्त रस्ता होता, आणि त्या दुपारी त्यावर फारशी रहदारीही नव्हती.

दुसरी बस दिसली तेव्हा त्यांनी वाकून पुन्हा अंगठा दाबला. काढून खांबाकडे पाहिलं, 'लागलें' म्हणाले असावेत, रुमालाने अंगठा पुसला, आणि चढले.